पापवा : उलटे हात, बंद दार

हा फोटो नीट बघा. 1963 साल, दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन, नाताल ओपन, म्हणजे नाताल प्रांतातली गोल्फ स्पर्धा, नुकतीच संपलीय आणि पाऊस पडतोय. ट्रॉफी घेणारा हा माणूस स्पर्धा जिंकलाय, गोऱ्या प्रोफेशनल्सना हरवून, आणि तरी उभा कुठे आहे तर क्लबहाउसच्या बाहेर, पावसात! कारण आत फक्त गोऱ्यांना प्रवेश.

नाव सेवसंकर सेवगोलम. सेवसंकर म्हणजे आपला शिवशंकरच, साहेबी स्पेलिंगात अडकलेला. सगळे त्याला पापवा म्हणायचे. 1860 पासून उसाच्या मळ्यांत राबायला भारतातून जी माणसं जहाजांनी नातालला नेली, त्या समाजातला हा पोरगा. शाळा झालीच नाही, लिहिता-वाचता येत नव्हतं. लहानपणापासून गोऱ्यांच्या गोल्फच्या बॅगा उचलायचा, कॅडी म्हणून.

आता हात बघा. इथे जरा थांबूया, कारण सगळी कमाल इथेच आहे. क्रिकेटमध्ये उजव्या हाताने खेळणारा बॅट कशी धरतो, डावा हात वर, उजवा खाली. गोल्फमध्येही तसंच. पापवाचं बरोब्बर उलटं, उजवा वर आणि डावा खाली, आणि तरीही उभा उजव्या हाताने खेळणाऱ्यासारखाच. घरी एकदा बॅट अशी धरून फिरवून बघा, हात एकमेकांत अडकतात, जोर कुठून लावायचा तेच कळत नाही. शिकवायला कोण होतं त्याला? लोकांचं बघत बघत स्वतःच शिकला, हात असे बसले ते बसले, आणि याच पकडीतून बॉल सरळसोट जायचा. स्विंग परत बघा, खांदे फिरतात, मनगटं शेवटपर्यंत घट्ट, कुठे घाई नाही.

ज्याची बॅग तो उचलायचा तो ग्रॅहम वुल्फ, ऑइल ऑफ ओले क्रीम बनवणारा केमिस्ट, त्याने हा खेळ ओळखला आणि 1959 मध्ये पापवाला युरोपला नेलं. तिथे पठ्ठ्याने थेट डच ओपन मारली. पुढच्या वर्षी परत, 1964 ला तिसऱ्यांदा! हॉलंडमध्ये चॅम्पियन आणि स्वतःच्या गावात स्पर्धा खेळायलाही सरकारची परवानगी मागायची.

1965 ची नाताल ओपनही त्याचीच, आणि यावेळी हरलेल्यांत गॅरी प्लेयर होता, दक्षिण आफ्रिकेचाच गोरा स्टार गोल्फर, हो तोच गॅरी प्लेयर, त्याच वर्षी यूएस ओपन जिंकणारा.

मग सरकारने गोऱ्यांच्या स्पर्धा बंद केल्या त्याला, पासपोर्टही काढून घेतला. 1978 मध्ये पापवा गेला, पन्नाशीही गाठली नव्हती.

हे डर्बनचं म्युनिसिपल गोल्फ कोर्स, उमगेनी नदीच्या काठचं. पाटीवरचं नाव वाचा. पापवा सेवगोलम.