मिशीवाला दुभाष्या

मंडळी, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, दिव्यांगांचं अत्याचारापासून संरक्षण. आता संरक्षण म्हटलं की आपल्याला पहिलं सुचतं कुलूप. पोरीला बाहेर सोडू नका, गेटला वॉचमन ठेवा. अहो, पण मी पाहिलेल्या बहुतेक केसेसमध्ये मारणारा घरातलाच होता, किल्ली त्याच्याच खिशात! मूकबधिर शाळेत तीस वर्षं घासल्यावर माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याचं बोलणं एकाच माणसाला कळतं तो त्या एकाच्या मुठीत असतो. (हो हो, आता कर्णबधिर म्हणायचं, माहितीये. अपंग, विकलांग, दिव्यांग, पाट्या रंगवणाऱ्यांची तेवढी चंगळ झाली.)

एक किस्सा सांगतो, 2013 च्या आधीचा. माझा मोबाईल हरवला म्हणून पोलीस स्टेशनला गेलो होतो, तर तिथे बाकावर आमची जुनी विद्यार्थिनी. दोन वर्षं शाळेत आली, मग घरच्यांनी काढली, लग्न लावून दिलं. त्यामुळे तिच्या खुणा अर्ध्या शाळेतल्या, अर्ध्या घरगुती. ओठ सुजलेला. शेजारणीने आणलं होतं. आणि तिचं बोलणं सांगायला हवालदारांनी बोलावलं कुणाला, तर तिच्या दिराला! ती हात हलवतेय, हा सांगतोय, "साहेब, जिन्यावरून पडले म्हणते."

आता आमच्याकडे प्रत्येक माणसाला खुणेचं नाव असतं. माझं काय आहे ते विचारू नका, टकलावरून आहे. तर ती सारखी मिशीला पीळ द्यायची खूण करत होती आणि मग स्वतःच्या कानाखाली. दिराने मिशी काढलेली, सफाचट. मिशी कुणाला? हवालदारांना! ते एकदम उठले, "अहो मी हिला हात पण लावला नाय!" हसताय तुम्ही, मला पण नंतर हसू आलं. तेव्हा मात्र मी मध्ये पडून सांगितलं, की ती मिशी म्हणजे हा दीर, नाव पडलं तेव्हा ठेवत होता. दीर म्हणाला, हे मास्तर कोण मध्ये बोलणारे? प्रश्न बरोबर होता. मला तिथे कोणी बोलावलं नव्हतं, माझा मोबाईल हरवला नसता तर ती कागदावर जिन्यावरूनच पडली असती.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मग कायदा पळत पळत सांगतो, खरं तर तेच सांगायला आलो होतो.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा, कलम 7. अत्याचार होतोय किंवा होईल असं सबळ कारणाने वाटलं तर कोणीही, शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या तहसीलदारांना कळवू शकतो, त्यांनी तो थांबवायचा. पोलिसांनी पीडिताला मोफत वकील मिळतो, जवळची संस्था कुठली, हे सांगायचंच. कलम 92 मध्ये सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा, आणि त्यात ताब्यातल्या दिव्यांग माणसाला मुद्दाम उपाशी ठेवणं, कुबडी किंवा कानाचं मशीन मोडणं हे पण येतं, हे फार जणांना ठाऊक नसतं.

लैंगिक गुन्हा असेल तर 2013 पासून दिव्यांग महिलेची तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाष्या नाहीतर विशेष शिक्षक सोबत घेऊन, व्हिडिओ काढून नोंदवायची. आता हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 ला आहे. पण माझ्या विद्यार्थिनीसारखी नुसती मारहाण असेल तर त्या कलमात ती बसत नाही! माझं भांडण तिथेच आहे. खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच धरायची हे इंग्रजाने 1872 च्या पुरावा कायद्यात लिहिलं होतं, आणि आम्ही अजून दिराला बोलावतो. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका अंध तरुणीने आवाजावरून आरोपी ओळखला ते ग्राह्य धरलं, साक्षीदार दिव्यांग म्हणून साक्ष कमी दर्जाची ठरत नाही म्हणाले, त्यावर तर बोलायचंच राहिलं.

बसतो, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. तहसीलदारांकडे द्यायच्या अर्जाचे नमुने आणलेत, झेरॉक्स वीसच आहेत, चहाच्या टेबलाशी पिशवी ठेवलीये, ज्यांच्या शेजारी गरज आहे त्यांनी आधी घ्या.