वाग्गा वाग्गाचा खाटीक

श्रोतेहो, नमस्कार. तोतया म्हटलं की आपल्याला आठवतो पानिपतानंतर उपटलेला भाऊसाहेबांचा तोतया. पुढे शंभरेक वर्षांनी तसाच एक विलायतेत उभा राहिला, आणि त्याला उभं केलं एका जाहिरातीने.

एप्रिल 1854 मध्ये रिओहून निघालेलं 'बेला' जहाज बुडालं. त्यावर रॉजर टिचबोर्न होता, हँपशायरच्या जहागिरीचा वारस. त्याची फ्रेंच आई, हेन्रिएट, मुलगा गेला हे मानायलाच तयार नव्हती. 1865 मध्ये तिने ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. तीत काय नव्हतं? जहाजाचं नाव, निघाल्याची तारीख, केसांचा नि डोळ्यांचा रंग, वडील वारल्याची बातमी, शिवाय बक्षीस. म्हणजे तोतयाचा निम्मा अभ्यास आईनेच करून दिला!

वाग्गा वाग्गा गावातला टॉम कॅस्ट्रो नावाचा कर्जबाजारी खाटीक पुढे आला. तिथे केलेल्या मृत्युपत्रात त्याने आईचं नाव लिहिलं 'हॅना फ्रान्सिस'. चुका पुष्कळ होत्या. पण पोराच्या डोक्यात सगळं स्वप्नासारखं कालवलं गेलंय, असा अर्थ आईने लावला. सिडनीत रॉजरच्या चुलत्याचा जुना नोकर अँड्र्यू बोगल भेटला. त्याने ओळख दिली आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. जो जो ओळखायला येई, त्याच्या बोलण्यातून घराण्याची काही ना काही माहिती हाती लागे, आणि तीच पुढच्याला ऐकवता येई.

जानेवारी 1867. पॅरिसमधलं हॉटेल, अंधारी खोली, आजारी म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस. आईने पाहिलं आणि 'माझाच' म्हटलं. वर्षाला हजार पौंड सुरू झाले. मात्र 1868 मध्ये ती वारली आणि आधार तुटला.

घात आधीच झाला होता. 1866 च्या नाताळात लंडनला उतरताच हा गृहस्थ वॉपिंग भागात गेला आणि ऑर्टन नावाच्या खाटकाच्या कुटुंबाची चौकशी करून आला. जहागीरदाराच्या मुलाचं तिथे काय काम? विरुद्ध पक्षाने तोच धागा धरून शोधून काढलं, की हा त्याच कुटुंबातला आर्थर ऑर्टन.

जहागिरीवरच्या हक्काचा दिवाणी दावा मे 1871 मध्ये उभा राहिला. रॉजर पॅरिसात वाढलेला, फ्रेंच त्याची बालपणाची भाषा. याला ती येईना. रॉजर सडपातळ, हा तर अगडबंब. अर्थात माणूस सुटतो, भाषा विसरतो, असं म्हणता येतं. पण गोंदण? रॉजरच्या हातावर क्रूस, बदाम आणि जहाजाचा नांगर गोंदलेले होते, अशी त्याच्या शाळूसोबत्यानेच साक्ष दिली. याचा हात कोरा. दावा कोसळला. मग खोट्या साक्षीचा फौजदारी खटला 188 दिवस चालला, आणि 1874 मध्ये चौदा वर्षांची सक्तमजुरी झाली.

गंमत म्हणजे गोरगरिबांना तो आपलाच वाटे. त्यांनी वर्गणी काढली, सभा भरवल्या. 1884 मध्ये तो सुटला. 1895 मध्ये पैसे घेऊन 'मी ऑर्टन' अशी कबुली छापून दिली, नंतर तीही फिरवली. 1 एप्रिल 1898 रोजी तो कफल्लक मेला. टिचबोर्न घराण्याच्या संमतीने त्याच्या शवपेटीवर पाटी लागली : 'सर रॉजर चार्ल्स डाउटी टिचबोर्न'.