वॉटचा आकडा बघून पीए सिस्टिम घेऊ नका

नमस्कार! एकटेच गाता, एकटेच गिटार वाजवता आणि आता स्वतःची पीए सिस्टिम, म्हणजे तुमचा आवाज मोठा करून श्रोत्यांपर्यंत पोचवणारा स्पीकरचा संच, घ्यायचीय? मग खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वॉटचा आकडा आधी विसरा.

तो बऱ्याचदा पीक वॉटचा असतो, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा. आणि समजा, तो खरा धरला तरी ५०० चे १००० वॉट झाल्यावर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात! म्हणून माहितीपत्रकात ‘मॅक्स एसपीएल’ शोधा, म्हणजे स्पीकर जास्तीत जास्त किती डेसिबल आवाज देऊ शकतो तो आकडा. साध्या स्पीकरचा आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने पडतो. १ मीटरवर १२० असेल, तर ८ मीटरवर १०२ उरतो.

आता मागची बाजू बघा, जिथे पिना लागतात. इथे मी स्वतः फसलोय. माझ्या गिटारला पिएझो पिकअप (कंपनं टिपून त्यांचा विजेचा सिग्नल करणारी पट्टी) आहे, पण तो सिग्नल पुढे पाठवण्याजोगा करणारा प्रीअँप नाही. ती थेट माइकच्या चॅनेलला लावली आणि आवाज आला पत्र्यासारखा. कित्येक महिने मी गिटारलाच दोष देत होतो. अशा पिकअपला ‘हाय-झी’, म्हणजे जास्त इम्पीडन्सचं (विजेला जास्त अडथळा असलेलं) इनपुट लागतं, साधारण १ मेगाओम किंवा त्याहून जास्त. ते नसेल तर तेवढंच हाय-झी इनपुट असलेला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या चॅनेलला चालेल असा करणारी डबी) मध्ये जोडा. गिटारमध्येच बॅटरीवाला प्रीअँप असेल, तर ही अडचण सहसा येत नाही. गाण्यासाठी कंडेन्सर माइक वापरत असाल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला त्याच्याच केबलमधून मिळणारी वीज) आहे ना, तेही तपासा.

आता आकार. उंच, सडपातळ कॉलम स्पीकर की स्टँडवरचा खोक्यासारखा स्पीकर? कॉलमचा आवाज आडवा छान पसरतो, वरखाली कमी सांडतो. छोट्या हॉलमध्ये गाण्याचे शब्द स्वच्छ पोचतात, म्हणून मला कॉलम आवडतो. पण तो पाठीमागे ठेवून गायलात, की स्वतःचा आवाज ऐकू येतो खरा, पण तोच माइकमध्येही शिरतो. थोडा व्हॉल्यूम वाढवला की शिट्टी! पुष्कळ जागा आणि मोठा आवाज हवा असेल, तर आत १० किंवा १२ इंचांचा स्पीकर असलेला खोका घ्या. स्टँडवर श्रोत्यांच्या डोक्याच्या वर आणि माइकच्या पुढे ठेवा. जमिनीवर ठेवलात तर तार स्वर पहिल्या रांगेच्या गुडघ्यांनाच ऐकू येतील.

बॅटरीचे तास कंपनी सांगते ते बऱ्याचदा मध्यम आवाजाचे असतात, तेव्हा हातात थोडे जादा ठेवा. वजन किती ते एकट्याने उचलून, जिना चढून बघा. ब्लूटूथवर ट्रॅक वाजवा, वाद्य जोडू नका, आवाज उशिरा येतो.

आणि घेण्याआधी आपला माइक, आपली गिटार घेऊन जा. कार्यक्रमात लागेल तेवढा आवाज करा, मित्राला गायला लावा आणि तुम्ही वीस पावलं मागे जा. गाण्यातला शब्द न् शब्द कळतोय का, ते ऐका.