शर्मिष्ठेतली काजळी

(दृश्य : कर्जत लोकलचा लगेज डबा, शनिवार संध्याकाळ. टोपल्यांच्या मधोमध चादरीत गुंडाळलेली लांब नळी.)

आठ इंची दुर्बीण आहे ही. चादरीत गुंडाळली की लोकांना काहीही वाटते. आज समोरच्या मावशींनी विचारलं, "दादा, पखवाज हाय का?" दुर्बीण म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग उभी धर की, टोपली कुठं ठेवू मी?" बदलापूरपर्यंत उभी धरली.

(दृश्य : वांगणी. कापणी झालेलं भाताचं शेत, लाल टॉर्च.)

कार्तिक अमावास्या. पायाखाली धसकटं, अंगावर स्वेटर. वायव्येला तो केशरी-पांढरा उजेड दिसतोय ना, तो सूर्यास्ताचा नाही. रात्रीचे साडेनऊ वाजलेत. तो बदलापूरचा उजेड आहे आणि त्याच्या मागे सगळी मुंबई. काही वर्षांपूर्वी काळोखासाठी हे शेत पुरायचं. आता आम्ही बोलताना कर्जतच्या पुढचं बोलतो.

(दृश्य : शर्मिष्ठा तारकासमूह, वाकड्या एम अक्षरासारखा. कॅमेरा हळूहळू आत जातो.)

उत्तरेला शर्मिष्ठा, तिच्या शेजारी देवयानी. गोष्टीत एकमेकींशी पटलं नाही, आकाशात मात्र कायमचा शेजार. देवयानी दीर्घिका, म्हणजे त्याच दिशेचा अब्जावधी ताऱ्यांचा मेळा, पुष्कळांनी पाहिलेली असते. आज तिच्याकडे नाही, तिच्या दोन लहानग्या सोबतिणींकडे जायचंय. एनजीसी १८५ आणि एनजीसी १४७, आकाशातल्या वस्तूंच्या यादीतले त्यांचे क्रमांक. दोघी शर्मिष्ठेच्या हद्दीत, एकमेकींपासून जेमतेम एक अंशावर. बटू दीर्घिका म्हणतात त्या याच. अंतर वीस-पंचवीस लाख प्रकाशवर्षं. पहिली विल्यम हर्शेल यांनी १७८७ मध्ये टिपली, दुसरी त्यांच्या मुलानं, जॉन हर्शेल यांनी, १८२९ मध्ये.

(दृश्य : आयपीसला डोळा. बराच वेळ काहीच घडत नाही.)

थेट बघितलं तर दिसत नाही, नजर थोडी तिरकी करावी लागते. १८५ दिसली, आरशावर श्वास सोडल्यावर उरतो तेवढा डाग. १४७ नाही दिसली. पाऊण तास नाही दिसली.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. घुमट, काचेच्या प्लेटा.)

या दोघींचे तारे सुटे सुटे पहिल्यांदा पाहिले वॉल्टर बाडे यांनी. कॅलिफोर्नियातलं माउंट विल्सन, १०० इंची दुर्बीण, दुसरं महायुद्ध. बाडे जर्मन, म्हणून युद्धाच्या कामाला त्यांना घेतलं नव्हतं, त्यामुळे दुर्बीण हवी तितकी हाताशी. आणि खाली लॉस एंजेलिसचे दिवे झाकलेले. तांबडा प्रकाश पकडणाऱ्या प्लेटांवर त्यांनी रात्र रात्र प्रकाश साठवला आणि धुक्याचे दाणे झाले. १९४४ साली ते छापून आलं. शहर काळोखात होतं म्हणून हे जमलं, एवढं लक्षात असू द्या.

(दृश्य : देवघर. निरांजनाच्या ज्योतीवर धरलेली पितळी वाटी. बोटाला लागलेली काजळी.)

आता धूळ. सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगून तांबडा राक्षसी होतो आणि काहीशे दिवसांच्या लयीत धापा टाकू लागतो. प्रत्येक धापेसरशी बाहेरचा वायू वर उचलला जातो, ताऱ्यापासून लांब जाऊन निवतो आणि त्यात कण धरतात. ऑक्सिजन जास्त असेल तर वाळूच्या जातीचे, कार्बन जास्त असेल तर ही अशी काजळी. एकेक कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून बारीक. तारा स्वतःच्याच धुरात गुरफटतो. साध्या दुर्बिणीला तो मंद दिसतो किंवा दिसतच नाही. अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात मात्र त्याचं पांघरूणच तापून उजळलेलं असतं.

(दृश्य : कुलाब्याचा किनारा, ओहोटी. मग बलूनचं चित्र.)

पण अवरक्त प्रकाशाचा मोठा भाग हवेतली वाफ गिळते, आणि आपल्या दमट हवेला ते सांगायलाच नको. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं म्हणूनच १०० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण बलूनला टांगून हैदराबादहून सुमारे तीस किलोमीटर वर पाठवली. आपल्याच दीर्घिकेतल्या, नवे तारे जन्मतात तिथल्या धुळीसाठी. बटूंसाठी त्याहून वर जावं लागलं.

(दृश्य : डोंबिवली. दोन खोल्यांचं घर, लॅपटॉप, शेजारी पोह्यांची बशी.)

स्पिट्झर ही अवकाश दुर्बीण २००३ मध्ये उडाली. आरसा ८५ सेंटिमीटरचा. २००९ मध्ये तिला गार ठेवणारं हीलियम संपलं आणि दोनच तरंगलांबी हाताशी राहिल्या, ३.६ आणि ४.५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्या दोन तरंगलांबींवर भागवून सुमारे पन्नास लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या ५० बटू दीर्घिका तपासल्या गेल्या. या पाहणीचं नाव डस्टिंग्ज. म्हणजे झाडलोट, नाव ठेवणाऱ्यांनी गंमत केलीय. चित्रं सगळ्यांना खुली आहेत. आमच्यातली एकजण ऑफिसातून आली की हेच उघडून बसते.

स्क्रीनकडे नीट बघा. एकच जागा, दोन फेऱ्या, मध्ये साधारण सहा महिने. पहिली. दुसरी. पहिली. दुसरी. सगळे ठिपके जागच्या जागी, आणि डावीकडे खाली हा एक मोठा होतोय, लहान होतोय. नुसता रंग बघून भागत नाही, कारण फार लांबच्या दीर्घिकाही अशाच तांबड्या दिसतात आणि फसवतात. पण अख्खी दीर्घिका अशी धाप टाकत नाही. तारा टाकतो. दोन्ही वेळेला योगायोगानं सारखाच तेजस्वी असलेला तारा यातून निसटतो, त्याला इलाज नाही. तरी असे ५२६ सापडले.

त्यातले १२ अशा दीर्घिकांमध्ये आहेत जिथे लोहाचं प्रमाण सूर्यातल्या प्रमाणाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. म्हणजे वाडवडिलांकडून, आधीच्या ताऱ्यांकडून, जवळजवळ काही न मिळालेले तारे. वाळूसाठी लागणारं सिलिकॉन वारशानं यावं लागतं, कार्बन मात्र तारा स्वतःच्या पोटात तयार करतो. तेव्हा विश्वाच्या सुरुवातीच्या गरीब दीर्घिकांतही धूळ ताऱ्यांनीच उडवली असेल, निदान काही, असं आता म्हणता येतं.

(दृश्य : दोन्ही बटू शेजारी शेजारी. १८५ मध्ये काळे डाग, १४७ स्वच्छ.)

म्हातारे धुरकट तारे दोघींकडे आहेत. पण धुळीचे ढग साचलेत ते १८५ मध्येच. १४७ ला देवयानीच्या ओढीनं शेपट्या फुटल्यात, तिची धूळ-वायू त्यातच गेली असावी.

(दृश्य : पहाट, वांगणी फलाट. चादर पुन्हा गुंडाळली जातेय, तिच्यावर दव.)

आरसा पुसायचा नसतो, नुसती फुंकणीनं हवा मारायची. घरी गेल्यावर मारू. पुढच्या अमावास्येला १४७ साठी भिवपुरीला उतरून बघायचं ठरलंय. डबा लगेजचाच.

(दृश्य : पहिली फेरी. दुसरी फेरी. पहिली. निवेदन नाही.)