आठ आऱ्यांचे चाक

आज जूनची एकविसावी तारीख आहे. पहाटेचे पाच वाजायला काही मिनिटे उरली आहेत आणि दक्षिण इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या माळावर, स्टोनहेंजच्या उभ्या दगडांभोवती, हजारो माणसे ईशान्येकडे तोंड करून ताटकळत उभी आहेत. कोणी पायघोळ पांढरा झगा घातला आहे, तर कोणी थंडीला भिऊन अंगाभोवती घोंगडी गुंडाळली आहे. कोणाच्या डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट आहे, तर कोणाच्या हातात चहाचा थर्मास. वर्तुळाबाहेर एकट्याच उभ्या असलेल्या ‘हील स्टोन’ नावाच्या दगडाच्या दिशेने सूर्य वर येतो, अर्थात ढगांनी येऊ दिला तर, आणि ढोलांचा आवाज एकदम चढतो.

हा सोहळा हजारो वर्षे अखंड चालत आला असावा, असे पाहणाऱ्याला वाटते. दगड खरोखरच तितके जुने आहेत. त्यांतील सर्वांत मोठे इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास उभे केले गेले. पण प्राचीन केल्ट लोकांच्या ज्या ड्रुइड पुरोहितांचा वारसा हे पांढरे झगे सांगतात, त्यांचे सविस्तर वर्णन आपल्याला मिळते ते ज्यूलियस सीझरच्या लेखनात, म्हणजे दगड उभे राहिल्यानंतर जवळजवळ साडेचोवीसशे वर्षांनी. स्टोनहेंज हे ड्रुइडांचे मंदिर होते ही समजूत लोकांच्या मनात पक्की केली ती विल्यम स्टकली या पुराणवस्तू-अभ्यासकाने १७४० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने. १९०५ च्या ऑगस्टमध्ये ड्रुइडांचे नाव लावणाऱ्या एका बंधुसंघटनेचे शेकडो सभासद येथे जमले, आणि त्यांतील कित्येकांनी प्राचीनता अंगी यावी म्हणून चक्क नकली पांढऱ्या दाढ्या लावल्या होत्या. पुढे १९८५ मध्ये येथील उत्सवावर बंदी आली, पोलिसांशी मोठी चकमक झाली, आणि अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या या सर्वांत मोठ्या दिवसाच्या, पहाटे दगडांजवळ जाण्याची मुभा सर्वांना पुन्हा मिळाली ती २००० सालीच.

आणखी एक गंमत पुरातत्त्वाने पुढे आणली आहे. जवळच्या डरिंग्टन वॉल्स या वस्तीत डुकरांची जी हाडे सापडली, त्यांतील अनेक जनावरे सुमारे नऊ महिन्यांची असताना मारलेली होती. वसंतात जन्मलेले पिल्लू नऊ महिन्यांचे होते ते ऐन हिवाळ्यात. स्टोनहेंजचा अक्ष एका टोकाला उन्हाळी सूर्योदयाकडे, तर दुसऱ्या टोकाला हिवाळी सूर्यास्ताकडे रोखलेला आहे. तेव्हा आजची गर्दी जून महिन्यात होत असली, तरी ते दगड उभारणारे लोक मेजवानीसाठी बहुधा डिसेंबरमध्ये जमत असावेत.

जूनचा हा दिवस आधुनिक पेगन पंथांच्या वर्षचक्राचा एक आरा आहे. ‘पेगन’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा एक अर्थ खेडूत असा होता, आणि ख्रिस्ती लोकांनी तो आपल्या धर्माबाहेरच्यांसाठी वापरला. आज मात्र निसर्गाला आणि युरोपातील जुन्या देवदेवतांना मानणारे लोक तो अभिमानाने मिरवतात. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन असा नोंदवला, तर सुमारे १३,००० लोकांनी विका, म्हणजे आधुनिक चेटकिणींचा पंथ, असा. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी वर्षाचे आठ सण असतात. दोन अयनदिन (वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) आणि दोन संपातदिन (दिवस-रात्र सारखे असतात ते) हे सूर्याचे चार. आणि त्यांच्या साधारण मधोमध येणारे, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्ट या महिन्यांच्या आरंभीचे चार. दर सहा-सात आठवड्यांनी एक सण येतो. चाक इतके नेटके दिसते की ते कोणीतरी जोडले असेल अशी शंकाही येत नाही.

वास्तविक ही गोधडी आहे. तिचे तुकडे वेगवेगळ्या वयांचे आणि वेगवेगळ्या घरांतले आहेत, टाके मात्र विसाव्या शतकातले आहेत.

सर्वांत जुने चार तुकडे आयर्लंडचे. तेथील मध्ययुगीन कथांमध्ये वर्षाचे चार टप्पे येतात: हिवाळ्याच्या तोंडावरचा सावीन, वसंताची चाहूल देणारा इम्बोल्क, उन्हाळा उघडणारा बेल्टेन आणि सुगीचा लूनसा. हे गुरेढोरे राखणाऱ्या आणि पेरणी-कापणी करणाऱ्या समाजाचे वेळापत्रक होते. सावीनला गुरे डोंगरावरच्या कुरणांतून खाली आणायची, आणि जी हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापायची. बेल्टेनला उरलेली पुन्हा वर न्यायची. इसवी सन ९०० च्या आसपास, मन्स्टरचा राजा आणि बिशप असलेल्या कॉर्मकच्या नावावर असलेल्या शब्दकोशात बेल्टेनविषयी अशी नोंद आहे की, ड्रुइड मंत्र म्हणत दोन आगी पेटवीत आणि गुरांना रोगराईपासून वाचवण्यासाठी त्या दोहोंमधून हाकीत नेत. हे लिहिणारा माणूस ख्रिस्ती होता आणि एका सरलेल्या काळाबद्दल लिहीत होता, हे विसरून चालत नाही.

या चारांपैकी इम्बोल्क कधी पुरता पुसला गेलाच नाही. तो ब्रिजिट या संत स्त्रीचा दिवस झाला, आणि त्याच नावाची एक देवी आयरिश पुराणकथांतही आहे. पडद्यावर दिसणारे हे हात लव्हाळ्याचा क्रूस विणत आहेत. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्या कमरेला अडकवायची, सगळे पाव फेरा फिरवायचे आणि पुढची काडी अडकवायची. असे पंधरा-वीस वेळा केले की मध्यभागी एक घट्ट चौकोन तयार होतो आणि चार बाजूंना चार हात फुटतात, ज्यांची टोके दोऱ्याने बांधतात. लव्हाळा कापायचा नाही, मुळाजवळून ओढून काढायचा, असा जुना दंडक आहे. हा क्रूस दारावर टांगला की घराला आग लागत नाही, असे मानतात. २०२३ पासून आयर्लंडमध्ये या दिवसाच्या निमित्ताने सार्वजनिक सुटी असते, आणि त्या सुटीवर चर्चइतकाच पेगन मंडळीही हक्क सांगतात.

आता प्रश्न असा की, आयरिश गुराख्यांचे हे दिवस इंग्लंडमधल्या चेटकिणींच्या पंचांगात आले कसे? याचे उत्तर एका विदुषीच्या चुकीत सापडते. मार्गारेट मरी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इजिप्तविद्येच्या अभ्यासक होत्या. चेटकीण ठरवून ज्यांना जाळले किंवा फासावर दिले गेले, ते सर्व एका जुन्या, गुप्तपणे टिकून राहिलेल्या धर्माचे अनुयायी होते, असा सिद्धान्त त्यांनी १९२१ मध्ये मांडला. या धर्माचे चार मोठे मेळावे कोणते, हे ठरवताना त्यांनी १६६१ साली स्कॉटलंडमधील फॉर्फर येथे एका स्त्रीच्या तोंडून वदवलेल्या कबुलीजबाबाचा आधार घेतला. त्या बाईने सैतानाला दर तिमाहीस भेटल्याचे सांगितले होते, आणि सांगितलेल्या तारखा होत्या त्या चर्चच्या सणांच्या, जे या चार आयरिश दिवसांच्याच आसपास येतात. पुढच्या इतिहासकारांनी मरींचा सिद्धान्त पार मोडीत काढला. पण तोवर एका निवृत्त सरकारी नोकराने तो मनापासून स्वीकारला होता.

जेराल्ड गार्डनर यांचा जन्म १८८४ चा. उमेदीची वर्षे सिलोनमधील चहामळ्यांत आणि पुढे मलायात गेली. तेथे ते जकात खात्यात होते. १९३६ मध्ये ते निवृत्त झाले. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातील चेटकिणींच्या एका गटाने आपल्याला दीक्षा दिली, असे ते सांगत. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांनी या पंथाविषयी उघडपणे पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना मरींची होती. त्यांच्या गटातले विधी तेव्हा घडत होते, अक्षरशः हातोहात. १९५३ च्या हिवाळी अयनदिनाला मंडळी जमली असताना गार्डनर यांनी डोरीन व्हॅलिएंट यांना त्याच संध्याकाळच्या विधीसाठी काहीतरी लिहायला सांगितले. व्हॅलिएंट यांनी तेवढ्या वेळात रचलेले आवाहन आज जगभर प्राचीन म्हणून म्हटले जाते, हा त्यांच्या लेखणीचा सन्मानच म्हणायला हवा.

सुरुवातीला या गटाचे मोठे सण चारच होते. अयन आणि संपात जवळच्या पौर्णिमेला जोडून उरकले जात. १९५८ मध्ये हर्टफर्डशरमधील ब्रिकेट वुड येथील सभासदांनी मागणी केली की, या चार दिवसांनाही बरोबरीचा मान मिळावा आणि ते ज्या त्या तारखेलाच साजरे व्हावेत. गार्डनर यांनी होकार दिला. त्यांचे स्नेही रॉस निकल्स हे ड्रुइड संघटनेत होते, आणि तेथे अयन-संपात आधीपासून पाळले जात. निकल्स यांनी पुढे १९६४ मध्ये स्वतःची संघटना काढली तेव्हा तिच्यातही आठ सण आले. चाकाला आठ आरे बसले ते असे. हे आठही सण एकत्र पाळणारा कोणताही प्राचीन समाज इतिहासाला ठाऊक नाही, आणि ब्रिस्टल विद्यापीठातील इतिहासकार रॉनल्ड हटन यांनी ते सविस्तर दाखवून दिले आहे.

आरे बसले तरी काहींना नावे नव्हती. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातील एडन केली एक पंचांग तयार करत होते. काही सणांना सावीन, बेल्टेन अशी भारदस्त नावे आणि काहींना नुसते ‘शरदसंपात’, हे त्यांना खटकले. वसंतसंपाताला त्यांनी ओस्टारा म्हटले. हे नाव याकोब ग्रिम यांनी १८३५ मध्ये सिद्ध करू पाहिलेल्या जर्मन देवीचे होते, आणि ग्रिम यांचा मुख्य आधार होता बीड या इंग्लिश भिक्षूने ७२५ साली लिहिलेली, एऑस्ट्रा देवीविषयीची दोन-तीन वाक्ये. या देवीच्या सशाच्या आणि अंड्यांच्या ज्या गोष्टी आज फिरतात, त्यांतले एक अक्षरही बीडमध्ये नाही. जूनसाठीचे लिथा हे नाव बीडनेच दिलेल्या जुन्या महिन्यांच्या यादीतून उचलले.

शरदसंपातासाठी केली यांना हवी होती पाताळात नेलेल्या आणि परत आलेल्या कोणाची तरी कथा, कारण ग्रीकांचा पर्सेफोनीचा उत्सव याच सुमारास येई. ती त्यांना मिळाली वेल्सच्या मध्ययुगीन गोष्टींत. मॅबन हा तीन रात्रींचा तान्हा असताना आईच्या कुशीतून, ती आणि भिंत यांच्यामधून, नाहीसा होतो. राजा आर्थरची माणसे त्याचा ठाव विचारत जगातल्या सर्वांत जुन्या प्राण्यांकडे जातात: एका पक्ष्याकडे, मग सांबराकडे, घुबडाकडे, गरुडाकडे, आणि शेवटी एक वृद्ध सॅमन मासा त्यांना आपल्या खांद्यावर बसवून ग्लॉस्टरच्या तुरुंगाच्या भिंतीपाशी नेतो, जिथून रडण्याचा आवाज येत असतो. गोष्ट अतिशय सुंदर आहे. तिच्यात शरद नाही, संपात नाही आणि सुगीही नाही. तरी आज सप्टेंबरमध्ये सफरचंदे आणि कणसे मांडून साजऱ्या होणाऱ्या सणाला त्याच्याच नावावरून मेबन म्हणतात, आणि त्या नावाचे वय पन्नाशीच्या थोडेसे पुढे आहे.

एवढे कळल्यावर पेगन मंडळींची श्रद्धा डळमळली का? काहींची डळमळली, पण बरेच जण हा इतिहास स्वतःच सांगतात. त्यांच्या लेखी सण खरा ठरतो तो त्याच्या जन्मतारखेवरून नव्हे. एक ऑगस्टला नव्या गव्हाचा पाव भाजून तो घरातल्या सर्वांनी मोडून खाल्ला, की लॅमस झाला. त्या नावाचा अर्थच मुळी ‘पावाची प्रार्थना’, आणि ती प्रथा अँग्लो-सॅक्सन ख्रिस्ती लोकांची होती. सूर्याचे चार दिवस तर कोणाच्या मालकीचे नाहीतच. आपली मकरसंक्रांत निरयन गणनेमुळे खऱ्या उत्तरायणारंभापासून सुमारे तीन आठवडे पुढे सरकली आहे. पेगनांचा यूल, म्हणजे हिवाळी अयनाचा सण, मात्र आकाशाला धरूनच राहतो.

सगळीकडे मात्र हे चाक चालत नाही. आइसलँडमधील, जुन्या नॉर्स देवांना मानणारी आसात्रू संघटना १९७२ साली स्थापन झाली ती उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी. एप्रिलमधला हा गुरुवार त्या देशाच्या जुन्या पंचांगातून थेट आलेला आहे आणि आजही तेथे सुटीचा असतो. त्या लोकांना आयरिश नावे उसनी घ्यायची गरज पडली नाही. लिथुआनियात १९६७ मध्ये, सोव्हिएत राजवटीत, केर्नावे येथील टेकड्यांवर उन्हाळी अयनाचा रासोस सण जाहीरपणे साजरा झाला, तेव्हा पाण्यात सोडलेल्या फुलांच्या माळांमध्ये धर्माइतकेच राष्ट्रही होते.

शेवटची दृश्ये एकाच तारखेची आहेत. तीस एप्रिलची रात्र, एडिनबराची कॉल्टन टेकडी. १९८८ पासून येथे बेल्टेनचा अग्निउत्सव होतो. अंगाला लाल रंग फासलेले नर्तक मशाली फिरवत धावतात, मे महिन्याची राणी पांढऱ्या वेशात मिरवणुकीने येते, हिरवा पुरुष मरतो आणि नव्याने उठतो, आणि धुराने डोळे चोळणारी गर्दी उन्हाळ्याच्या नावाने ओरडते. त्याच तारखेला ऑस्ट्रेलियात झाडांची पाने गळत असतात. तेथील पेगनांनी चाक उलटे फिरवून घेतले आहे, आणि त्यांच्याकडे आज सावीन आहे. मेलबर्नमधल्या एका स्वयंपाकघरात टेबलावर एक ताट जास्तीचे मांडलेले आहे, या वर्षी गेलेल्या माणसासाठी. जेवण संपेपर्यंत कोणी बोलायचे नाही असा नियम आहे. बाहेर लवकर अंधारून आले आहे, आणि आत फक्त चमच्यांचा आवाज येतो आहे.