विमान टॅक्सी करताना (जमिनीवरून चालवताना) प्रोपेलरला खडे लागतात की प्रोपेलरच खडे उचलतो?

नमस्कार मंडळी, स्क्रीनवर हे पातं बघा, पुढच्या धारेला बारीक बारीक टवके उडालेत. सगळ्यांना वाटतं हवेत काहीतरी आपटलं असणार, पक्षी वगैरे. पण असे टवके बहुतेक वेळा विमान जमिनीवर असतानाच उडतात, टॅक्सी करताना नाहीतर उभ्या उभ्या इंजिन चेक करताना.

आता पुण्यात विमान म्हटलं की लोहगाव, म्हणजे सुखोई आणि पॅसेंजरवाली जेट. पंख्याची छोटी विमानं बघायची तर बारामतीला जा, तिथे पोरं पायलटचं ट्रेनिंग घेतात. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवाल्यांना ही भानगडच नाही, साध्या ग्लायडरला प्रोपेलर नसतोच, विंचने दोर ओढून वर सोडतात.

तर ट्रेनिंगचं नेहमीचं विमान घेऊ, सेस्ना १७२. प्रोपेलर साधारण ७६ इंचांचा, म्हणजे १.९३ मीटर. टॅक्सी करताना इंजिन समजा १००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १००० फेऱ्यांवर आहे, गुणाकार करून बघा, पात्याचं टोक ताशी ३६० किलोमीटरच्या आसपास फिरतंय! विमान चालतंय माणसाच्या चालीने आणि टोक मात्र ३६०ला, इथेच नवीन पोरं फसतात, त्यांना वाटतं आपण हळू आहोत ना मग काय होतंय. टेकऑफच्या आधी रनअप, म्हणजे उभ्या उभ्या इंजिनचा चेक, करताना १८०० आरपीएमला हाच आकडा साडेसहाशेवर जातो.

आता मुख्य मुद्दा. खडा काही आपणहून उडून येत नाही, प्रोपेलरच त्याला उचलतो. विमान उभं आहे आणि तुम्ही पॉवर दिली की प्रोपेलरला समोरून पुरेशी हवा मिळत नाही, मग तो चारी बाजूंनी हवा ओढतो, खालूनसुद्धा, आणि जमिनीपासून पात्यापर्यंत एक बारीक वावटळ तयार होते. पावसाळ्यात ॲप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) पाणी साचलेलं असेल तर ती चक्क दिसते, पाण्याचा पीळ पडल्यासारखा वर चढतो. तिथे पाण्याऐवजी खडी असली की खडी वर, आणि थेट पात्याच्या वाटेत. विमान पुढे सरकत असेल किंवा समोरून चांगला वारा असेल तर ही वावटळ टिकत नाही, तुटते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, खडीला उगाच शिव्या देऊ नका, उभ्या विमानाला पॉवर कोणी दिली ते आधी विचारा. (खडी पडू नये हे एअरफिल्डवाल्यांनी बघायलाच हवं, पण आपल्याकडे पावसाळ्यानंतर रस्त्यांच्या कडा कशा होतात ते पुणेकराला मी काय सांगणार.)

बरं, एवढासा टवका, त्याचं काय एवढं? शेवेचं पाकीट आठवा, कडेला कट असला की दोन बोटांत फाटतं, नसला की दात लावावे लागतात. पात्यावर फिरताना प्रचंड ताण असतो, तो सगळा त्या खाचेच्या तळाशी गोळा होतो, तिथून तडा सुरू होतो आणि प्रत्येक फेरीला थोडा थोडा वाढतो. टोकाचा तुकडा उडाला तर वजनाचा तोल जातो आणि मग इंजिन इतकं हादरतं की माउंटवरून निखळू शकतं. म्हणून इंजिनिअर कानस घेऊन खाच घासतो, तळ गोलसर करतो, मग बारीक पेपरने गुळगुळीत. किती घासायचं याची लिमिट मॅन्युअलमध्ये असते, त्यापलीकडे पातं बाद. आणि हे काम लायसन्सवाल्या इंजिनिअरचंच, पायलटने स्वतः कानस फिरवायची नाही.

पातं जमिनीला किंवा कशाला आपटलं तर मात्र वेगळाच विषय, त्याला प्रोप स्ट्राइक म्हणतात. अमेरिकन नियमात २०१७पर्यंत नोजव्हीलवाल्या (नाकाखाली चाक असलेल्या) विमानाला प्रोपेलरखाली किमान ७ इंच जागा लागायची, टेलव्हीलवाल्याला (शेपटीखाली चाक असलेल्या) ९. सात इंच म्हणजे वीतभरही नाही हो! त्यात नाकाच्या चाकाचा स्ट्रट (धक्के झेलणारा दांडा) बसलेला, वर जोरात ब्रेक, पुढे खड्डा, झालं. आणि नुसतं पातं बदलून भागत नाही, कारण झटका क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनच्या आतल्या मुख्य दांड्यापर्यंत गेलेला असतो. विमानांची इंजिनं बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या व्याख्येत तर इंजिन बंद असताना काही आपटलं आणि किरकोळ घासण्यापेक्षा जास्त दुरुस्ती लागली तरी तो प्रोप स्ट्राइकच. फिरतं पातं उंच गवतात किंवा पाण्यात शिरून आरपीएम एकदम पडला तरी तोच प्रकार. टो बार (विमान हाताने ओढायचा दांडा) काढायचा विसरून स्टार्ट मारणारे महाभाग पण जगभर आहेत.

मग करायचं काय? खडीवर आरपीएम कमीत कमी. रनअप स्वच्छ जागेवर, शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून. खडीच्या पट्टीवरून टेकऑफ असेल तर थ्रॉटल हळूहळू, आधी विमान चालू लागू दे मग पूर्ण पॉवर, म्हणजे खडे मागे फेकले जातात. मऊ किंवा खडबडीत जमिनीवर कंट्रोल पोटाकडे ओढून धरा, नाकावरचा भार कमी होतो.

आणि उड्डाणाआधी पात्याच्या पुढच्या धारेवरून नख फिरवा, डोळ्याला न दिसलेली खाच नखाला अडकते. फक्त त्याआधी मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारं यंत्र) ऑफ, किल्ली बाहेर, मिक्श्चर (इंधनाचा कंट्रोल) बंद, आणि एवढं करूनही पात्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, कारण मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर किल्ली खिशात असतानाही हाताने फिरवलेलं इंजिन फायर होऊ शकतं.