पाच पत्त्यांचा एक आकडा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात माहेरवाशिणी झोक्यावर आणि पुरुषमंडळी पत्त्यांवर! तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीनं येणारी पानं) कलरला (एकाच चिन्हाची पानं) मारतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. पाच पत्त्यांच्या पोकरमध्ये मात्र उलटं. तिथं कलर, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सला भारी.

असं का? मोजून बघा. प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचे) बाजूला काढले, की तीन पत्त्यांत सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पत्त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. जो हात कमी वेळा येतो, तो मोठा.

ही मोजणी आपल्याला परकी नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं मठ काढला, असं त्यात कोरलंय. त्या ग्रंथांतल्या ‘लीलावती’त, सन ११५० च्या, निवडीचा नियम आहे: उलटे अंक वर, सुलटे खाली. ५२, ५१, ५०, ४९, ४८ गुणा, १ ते ५ च्या गुणाकारानं भागा. उत्तर २५,९८,९६०. पोकरचे एकूण हात एवढेच!

आता संगणकाला दोन हातांतला मोठा कोणता, हे झटकन कसं कळावं? प्रोग्रामर केव्हिन सफेकूल यांची युक्ती फार देखणी आहे. प्रत्येक पानाला एक मूळ संख्या. दुर्रीला २, तिर्रीला ३, असं चढत दश्शीला २३, राजाला ३७, एक्क्याला ४१. समजा आले तीन राजे, दोन दश्श्या. ३७ तीनदा, २३ दोनदा, गुणाकार २,६७,९५,४३७. पत्ते कसेही पिसून आले तरी आकडा हाच, आणि दुसऱ्या कुठल्याही पानांतून तो येणारच नाही. तयार कोष्टकात त्याच्यासमोर त्या हाताचा मानाचा क्रमांक असतो १८२. कलर आहे का, ते त्याआधीच वेगळं तपासलेलं असतं.

सगळे हात मिळून असे क्रमांक ७,४६२ च. रॉयल फ्लश (एकाच चिन्हाची दश्शी ते एक्का) पहिला, मिश्र चिन्हांचे ७-५-४-३-२ शेवटचे. ज्याचा क्रमांक लहान, त्याचा डाव.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात पत्ते सात, त्यातून पाच निवडायचे मार्ग २१. प्रोग्राम एकवीसही बघतो आणि सर्वांत लहान क्रमांक ठेवतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरापोरींनो, पैसे न लावता हा प्रोग्राम स्वतः लिहाच. मग त्याच्याकडून सगळे हात मोजून घ्या. फुल हाउस (वरच्यासारखी तीन एक, दोन एक पानं) ३,७४४ आणि चार सारख्या पानांचे हात ६२४ आले नाहीत, तर कुठंतरी चूक आहे.